खाली आणखी आहे

फाईल हाती आली की कारकून प्रथम तिची जाडी पाहतो. विषय नंतर, शेरा नंतर, वरिष्ठांची सही त्याहून नंतर. बोटभर जाडीची असेल तर चहापूर्वी हातावेगळी होईल. वीतभर असेल तर आधी चहा घ्यावा, हे शहाणपण कोणत्याही नियमपुस्तकात छापलेले नाही, पण आमच्या बोटांत ते असते. एका बाजूस हिरव्या कागदावरची टिपणे, दुसऱ्या बाजूस पत्रव्यवहार, मध्ये ओवलेली दोरी आणि जागोजाग टाचलेल्या पताका. एवढ्यावरून प्रकरण कुठवर आले आहे आणि पुढे किती उरले आहे, हे एक अक्षर न वाचता कळत असे. मग केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत ई-ऑफिस आले आणि ही जाडी नाहीशी झाली. हिरवा रंग तेवढा राहिला. टिपणाचे पान पडद्यावरही हिरवेच दिसते. परंतु दोन पानांचे प्रकरण आणि दोनशे पानांचे प्रकरण आता एकाच उंचीच्या काचेत येऊन बसते, आणि दोहोंचा चेहरा सारखाच निष्पाप असतो.

गेलेल्या जाडीची उणीव भरून काढणारी एकच वस्तू त्या काचेवर आहे, आणि नेमके तिच्याकडेच कोणी पाहत नाही. खिडकीच्या उजव्या कडेला उभी असलेली ती अरुंद पट्टी. इंग्रजीत तिला स्क्रोलबार म्हणतात. आम्ही आमच्यापुरते सरकपट्टी म्हणतो. एक उभी खाच आणि त्या खाचेत वरखाली सरकणारी एक वडी, एवढाच तिचा संसार. खाच म्हणजे सगळा मजकूर. वडी म्हणजे त्यातला या घटकेस डोळ्यांसमोर असलेला भाग. वडी आखूड, तर मजकूर लांब. वडी तळाला टेकली की मजकूर संपला. वडीने सारी खाच व्यापली असेल तर खाली काहीएक नाही. स्वस्थ चित्ताने सही ठोकावी.

हे ज्ञान तिला जन्मतः नव्हते. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात खिडक्यांची आणि माऊसची ही सारी सृष्टी आकारास आली, तेव्हापासून पट्ट्या आहेतच. पण १९८४ साली घरोघर जाण्यासाठी निघालेल्या मॅकिन्टॉशमधील वडी म्हणजे ठरावीक आकाराचा एक चौकोन होता. मजकूर तीन पानांचा असो वा तीनशे पानांचा, चौकोन तेवढाच. तुम्ही कुठे आहात हे तो सांगे. किती मोठ्या रानात आहात हे सांगत नसे. मजकुराच्या प्रमाणात लहानमोठी होणारी वडी सर्वसामान्यांच्या टेबलावर आली ती विंडोज ९५ बरोबर. आम्हांला विचाराल तर त्या खटाटोपातील सर्वांत सभ्य सुधारणा हीच. बाकीच्या सुधारणांनी यंत्राला चपळ केले; हिने त्याला खरे बोलायला लावले.

स्क्रोल म्हणजे गुंडाळी, आणि गुंडाळ्या आम्हां मराठी माणसांस नव्या नाहीत. आजोबांच्या ट्रंकेत जन्मपत्रिकांच्या गुंडाळ्या कोणी पाहिल्या नाहीत? मोडी दप्तरातले कागदही असेच. लांबट बंद एकाखाली एक चिकटवीत जायचे, आणि जिथे दोन बंद जुळतात तिथे मागल्या बाजूस शिक्का उमटवायचा, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घुसडता येऊ नये. आणि शेवटी मोर्तब. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस असलेली ती लहानशी मुद्रा आठवावी: मर्यादेयं विराजते. येथे मर्यादा शोभते आहे. याखाली कोणी काही लिहिले तर ते आमचे नव्हे. पत्र संपले हे नुसत्या कोऱ्या कागदावरून ओळखण्याचे काम वाचणाऱ्यावर सोडलेले नाही. लिहिणाऱ्यानेच ते सांगितले पाहिजे, अशी ती शिस्त.

योगायोग असा की, या शिस्तीचा आणखी जुना दाखला आम्हांस मिळाला तो आम्ही पोट भरण्यासाठी आलेल्या या म्हैसुरातच. रविवारी संध्याकाळी फिरायला निघालो म्हणजे कौटिल्य सर्कलवरून जाणे होते. तेथे प्राच्यविद्या संशोधनालयाची देखणी इमारत आहे. १८९१ साली ओरिएंटल लायब्ररी म्हणून ही संस्था सुरू झाली. तंजावरकडच्या एका पंडिताने तेथे आणून दिलेल्या ताडपत्रांच्या जुडीत आर. शामशास्त्री यांना १९०५ साली कौटिल्याचे अर्थशास्त्र सापडले. १९०९ साली त्यांनी संस्कृत संहिता छापली आणि १९१५ साली इंग्रजी भाषांतर. जगाला त्यातले हेर आणि विषप्रयोग आवडतात. आम्ही कारकून असल्यामुळे आमचे मन दुसऱ्या अधिकरणात रमते. तेथे राजशासन कसे लिहावे यावर एक अध्याय आहे. लेखाचे गुण सहा सांगितले आहेत: अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टता. (टिपण लिहिताना यांपैकी माधुर्य आम्हांस कधी साधलेले नाही, वरिष्ठांसही नाही.) आणि त्याच ठिकाणी एक बारीकशी सूचना आहे की लेख पूर्ण झाला हे दर्शविण्यासाठी 'इति' हा शब्द वापरावा. एवढे मोठे राज्य चालविणारा तो आचार्य, आणि त्याला काळजी कसली, तर शासनाचा कागद कुठे संपतो हे वाचणाऱ्यास निश्चित कळले पाहिजे याची!

ताडपत्राच्या पोथीत तर डोळ्यांनीच हिशेब होतो. पानाला भोक, भोकातून दोरी, वर-खाली लाकडी फळ्या. वाचलेली पाने एका बाजूस, उरलेली दुसऱ्या बाजूस. आमच्या फाईलची दोरी तिचीच दूरची नात म्हणायला हरकत नाही.

हे सारे पुराण सांगण्याचे कारण गेल्या नोव्हेंबरात घडले. नोव्हेंबर हा केंद्राच्या पेन्शनरांचा महिना. हयातीचा दाखला द्यायचा असतो, म्हणून म्हैसूरसारख्या निवृत्तांच्या आवडत्या गावात सकाळपासून कानटोप्या आणि कापडी पिशव्या यांची रीघ लागते. आम्ही ज्या कचेरीत आहोत तिच्या व्हरांड्यात त्या वेळी एक नवा पडदा बसविला होता. कागदपत्रांतील त्रुटी दूर होऊन ज्यांचे काम मार्गी लागले, त्यांच्या नावांची यादी त्यावर लागे. बोट लावले की चालणारा पडदा. कार्यक्रम दुसरीकडून तयार होऊन आलेला. दिसायला फार सुबक. फिकट पार्श्वभूमी, मोठी अक्षरे, भोवती भरपूर मोकळी जागा. आणि सरकपट्टी अदृश्य. यादीवर बोट फिरविले तर ती धाग्याएवढी उमटे आणि क्षणात विरून जाई.

एक वृद्ध गृहस्थ आले. स्वच्छ पांढरा पंचा, कपाळी गंध, हातात पावतीची प्लास्टिकची पिशवी. पडद्यासमोर उभे राहून त्यांनी वीसच्या वीस नावे सावकाश वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि आमच्या खिडकीकडे न वळता ते जिना उतरू लागले. आम्ही हाक मारली तेव्हा ते थांबले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "हेसरु इल्ला." नाव नाही. तक्रार नव्हती, बातमी सांगावी तसे सांगितले. विचारता कळले की ही त्यांची तिसरी खेप. म्हैसुराबाहेरच्या खेड्यातून दोन बसगाड्या बदलून येत होते. पहिल्या दोन्ही खेपांना त्यांनी असेच वीस नावे वाचली होती आणि परतीची बस धरली होती. नावाचे आद्याक्षर वर्णमालेच्या तळाशी. यादीत दोनशे चाळीस नावे. त्यांचे नाव दोनशे अठ्ठाविसावे.

"केळगे इदे, सर," आम्ही म्हणालो. खाली आहे. आमचे कन्नड अजून बाजारहाटापलीकडे गेलेले नाही, पण हे दोन शब्द पुरले. आम्ही बोटाने यादी वर ढकलली. नावांमागून नावे येऊ लागली तेव्हा त्यांच्या मुद्रेवर आनंद नव्हता. थोडी शरम होती. आपणांस यंत्र समजले नाही, आपण अडाणी ठरलो, अशी. आम्हांला राग आला तो याच गोष्टीचा. छत्तीस वर्षे सरकारी नोकरी केलेला, आयुष्यभर रजिस्टरे वाचलेला हा माणूस. त्याच्या हाती जाड रजिस्टर दिले असते तर वीस नावांनंतर पान उलटायचे असते, हे त्याला काय शिकवावे लागले असते? पान उलटायला कागदाची कड लागते. ती कडच कोणीतरी सौंदर्यासाठी पुसून टाकली होती.

कोणी म्हणेल, ही खूण पुसण्याची कल्पना मोठमोठ्या कारागिरांची आहे. तिला तुम्ही कोण नावे ठेवणार? खरे आहे. ॲपल कंपनीने २०११ साली आपल्या लायन नामक प्रणालीत सरकपट्ट्या एरवी दिसू नयेत अशी व्यवस्था केली, आणि पुढे ती चाल सर्वत्र पसरली. ज्याचे बोट दिवसभर काचेवरच असते त्याला खूण लागत नाही हेही मान्य. घरातल्या माणसाला दाराला कडी कुठे आहे हे अंधारातही कळते. प्रश्न पाहुण्याचा आहे. आणि सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात येणारा प्रत्येक जण पाहुणाच असतो.

पदवीनंतर रिकामपणी आम्ही पायथन नावाची संगणकभाषा थोडीफार शिकलो होतो. साहेबांची परवानगी काढली आणि चार संध्याकाळी बसून त्याच यादीसाठी एक साधी खिडकी तयार केली. पायथनबरोबर टीके-इंटर नावाची जी खिडक्या करण्याची सामग्री येते, तिचे मूळ अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात जॉन ऑस्टरहौट यांनी रचलेल्या टीके या संचात आहे. त्यात यादी ही एक वस्तू आणि सरकपट्टी ही दुसरी स्वतंत्र वस्तू. दोघी शेजारी शेजारी मांडल्या म्हणून त्यांचा परिचय होत नाही. तो करून द्यावा लागतो, आणि तोही दोन्ही अंगांनी.

हा परिचय आम्हांस इतका आवडला की तो वाचकांपुढे मांडल्यावाचून राहवत नाही. यादीला सांगावयाचे की, बाई, तुझा दिसणारा भाग बदलला की सरकपट्टीला कळवीत जा. यादी मग दोन अपूर्णांक पाठविते: दिसणारा भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, सारा मजकूर एक धरून. दोनशे चाळीस नावांपैकी पहिली वीस दिसत असतील तर शून्य आणि ०.०८३. अगदी तळाशी असाल तर ०.९१७ आणि एक. एवढ्या दोन आकड्यांवरून पट्टी आपल्या वडीची जागाही ठरविते आणि लांबीही. उलट पट्टीला सांगावयाचे की, तुला कोणी ओढले तर यादीला विनंती कर: अमुक ठिकाणी जा, किंवा एक ओळ सरक, किंवा एक पान सरक.

पट्टी स्वतः काहीही सरकवीत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. ती फक्त मागणी पुढे पाठविते. यादी सरकते, आणि सरकल्यावर आपली नवी जागा पट्टीला कळविते. तेव्हा कुठे वडी हलते. दोहोंपैकी एकच जोड दिली तर गंमत होते. यादीने कळवायचे पण पट्टीने मागायचे नाही, असे केले तर माऊसच्या चाकाने यादी फिरते, वडीही इमानाने तिच्यामागून फिरते, पण वडी धरून ओढा, काही होत नाही. उलट केले तर ओढल्यावर यादी पळते आणि वडी मात्र बदलीचा हुकूम न पोचलेल्या कारकुनासारखी जुन्याच जागी बसून राहते.

येथे एका सहकाऱ्याने शंका काढली. यादी पट्टीला कळविते, पट्टी यादीला कळविते, मग हा पत्रव्यवहार थांबणार कधी? शंका सरकारी अनुभवातून आलेली, तेव्हा रास्तच. उत्तर असे की, यादीकडून पट्टीकडे जाते ती 'माहितीसाठी प्रत' आणि पट्टीकडून यादीकडे जाते ते 'आवश्यक कार्यवाहीसाठी'. माहितीसाठी आलेल्या कागदावर पट्टी कार्यवाही करीत नाही. आपली वडी योग्य जागी ठेवते आणि गप्प बसते. म्हणून साखळी तुटते. हा भेद सर्व कार्यालयांनी इतक्या कसोशीने पाळला असता तर निम्मी टपाले वाचली असती.

आणखी एक बारकावा. वडीच्या खाली खाचेत बोट टेकले की यादी एक पान पुढे जाते. पण ते पान पुरते वीस ओळींचे नसते, अठराच ओळींचे असते. आधीच्या पानाच्या शेवटच्या दोन ओळी नव्या पानाच्या माथ्यावर राहतात. प्रथम आम्हांस ही चूक वाटली. मग जुन्या छापील पुस्तकांची रीत आठवली: पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असे. खतावणीतही मागील पानाची बेरीज पुढच्या पानाच्या माथ्यावर ओढतात. वाचणाऱ्याचा हात सुटू नये म्हणून मागचे थोडे पुढे न्यायचे, ही माया त्या अमेरिकन संचात कोणीतरी जाणून घातलेली आहे.

दिशेविषयीही मतभेद आहेत आणि ते तात्त्विक आहेत. वडी खाली ओढली की मजकूर वर जातो. म्हणजे आपण खाली गेलो की कागद वर गेला? ॲपलने २०११ मध्ये बोटांच्या खुणेची दिशाच उलटी केली आणि तिला 'स्वाभाविक' असे नाव दिले, तेव्हा अनेकांना कित्येक दिवस चुकल्यासारखे झाले. आम्ही दादरहून शरावती एक्सप्रेसने म्हैसुरास येताना मिरज सुटल्यावर झाडांकडे पाहत बसतो. झाडे मागे जातात असे लहानपणी वाटे. आपण पुढे जातो असे शाळेत शिकविले. बदलीवर निघालेल्या माणसाला पहिलेच खरे वाटते. मिरजेस आमच्या मातोश्री असतात. त्या फोनवर दर आठवड्यास एकच विचारतात, "अरे, अजून किती दिवस?" नेमणुकीच्या पत्रात रुजू होण्याची तारीख असते, वेतनश्रेणी असते, वडी नसते. आम्ही म्हणतो, "बघू या, आई." परमुलखी असलेल्या आमच्या वाचकांना या उत्तराचा अर्थ सांगणे नको.

पण निदान नेमणुकीला अंत आहे. निवृत्तीची तारीख सेवापुस्तकात पहिल्या दिवशी लिहिलेली असते. ज्याला तळच नाही असाही मजकूर आता निर्माण झाला आहे. खाली जाल तसे आणखी आपोआप येत राहावे, ही युक्ती २००६ साली एझा रास्किन यांनी काढली, आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. तेथे सरकपट्टी असली तरी ती खोटी साक्ष देते. वडी तळाशी पोचता पोचता टुणकन वर उडी मारते, कारण तळच खाली सरकलेला असतो. रात्री जेवणानंतर आमच्या घरातली माणसे आपापले फोन घेऊन बसली की आम्ही ही उडी पाहत असतो. कौटिल्याने 'इति' लिहायला सांगितले, ते या कारागिरांनी विचारपूर्वक खोडले आहे. पान संपले तर माणूस उठून जाईल ना!

आमच्या खिडकीत तसले काही नाही. पट्टी सदैव दिसते. तिची रुंदी आम्ही बत्तीस ठिपके ठेवली, म्हणजे थरथरत्या बोटालाही ती सापडावी. वडीला गडद निळा रंग दिला. आणि यादीखाली कन्नड, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत एक ओळ घातली: एकूण दोनशे चाळीस, आता दिसत आहेत एक ते वीस. चाळीस हजार नावांची यादी असती तर हे पुरले नसते. सहाशे ठिपक्यांच्या खाचेत वडी तिळाएवढी झाली असती आणि ती एक ठिपका हलली की सहासष्ट-सदुसष्ट नावे निसटली असती. तेथे नाव टंकून शोधण्याची सोयच करावी लागते. आमच्या व्हरांड्यापुरती पट्टी पुरते.

खिडकी सुरू झाल्यावर महिन्याभरात टिपणावर वरून शेरा आला: सरकपट्टी फार ठळक दिसते, शोभेच्या दृष्टीने पुनर्विचार व्हावा. आम्ही उत्तर सादर केले. त्यात सहा गुणांपैकी स्पष्टतेवर भर दिला आणि तीन खेपा घातलेल्या गृहस्थांची हकीकत, नाव न देता, परिच्छेद चारमध्ये नमूद केली. त्यावर आणखी एका शाखेचे मत मागविले गेले. त्यांनी रुंदीबाबत प्रमाणभूत आदेश उपलब्ध आहे काय अशी पृच्छा केली. प्रकरण आज चौदाव्या पानावर आहे, आणि पट्टीची रुंदी अजून बत्तीसच आहे. निर्णय होईपर्यंत आहे ते चालू ठेवावे, एवढा एक शेरा आम्ही सहाव्या पानावर मिळवून ठेवला होता.

नोव्हेंबर पुन्हा तोंडावर आला आहे. या वर्षी यादी चारशेवर जाईलसे दिसते. वीस ओळींच्या खिडकीत वडी खाचेच्या विसाव्या भागाएवढी, म्हणजे तीस ठिपक्यांची होईल. बत्तीस रुंद आणि तीस लांब. जवळजवळ चौकोनीच दिसेल. पण बोटाखाली येईल.